नाशिकच्या गारठ्यात सकाळी बाइक कशी सुरू करावी

नाशिकची थंडी पेपरात येते ती निफाडच्या पाऱ्यासह. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद छापून येते, कधी सहा, कधी पाच अंश, आणि त्याच सकाळी द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात. मुंबई किंवा कोकणातून सातपूर-अंबडला नोकरीला आलेल्या पोरांना या गारठ्याची सवय नसते. स्वेटर, कानटोपी सगळं घेतात. गाडीचं मात्र लक्षात येत नाही. मग पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये सेल्फचा 'कुर्र कुर्र' आवाज सुरू होतो आणि हळूहळू बारीक होत बंद पडतो.

मी चांदोरीहून सातपूरला पहिल्या शिफ्टला जायचो. गोदावरीच्या काठचं गाव, त्यामुळे डिसेंबर लागला की सीटवर दव असं साचायचं की पुसायला जुना टॉवेल लागायचा. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी सेल्फ दाबून दाबून बॅटरी उतरवली. गाडी ढकलत हायवेपर्यंत नेली, तिथून टेम्पोत बसलो आणि शिफ्टला उशिरा पोचलो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या लाइनवरच्या एका काकांनी मला जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतोय. काका तीस वर्षं गाड्या दुरुस्त करत आलेले. त्यांचं म्हणणं सोपं होतं : इंजिन जागेवर उभं ठेवून तापवायचं नसतं, ते आधी नीट जागं करायचं आणि मग हळू चालवत गरम करायचं. बाकी सगळं याच एका गोष्टीच्या आधाराने.

थंडीत आत नेमकं काय होतं

पेट्रोल गोठतं, हे आधी मनातून काढा. आपल्याकडच्या थंडीत ते शक्यच नाही. अडचण वेगळी आहे. इंजिनात द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. गार हवेत, गार लोखंडात ही वाफ कमी होते. फवारलेलं बरंचसं पेट्रोल थेंब होऊन भिंतींना चिकटतं. साधारण १ ग्रॅम पेट्रोलला १४ ते १५ ग्रॅम हवा हे प्रमाण नीट जळायला लागतं. वाफच कमी झाली की पेट्रोल आत जाऊनही मिश्रण पातळच राहतं. म्हणून थंडीत जास्त पेट्रोल द्यावं लागतं, आणि ते देण्याची सोय म्हणजे चोक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. निव्वळ इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफ व्हायला तेरा-चौदा अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि आपल्या सकाळी त्याच्या बऱ्याच खाली असतात. त्यामुळे पहिला भडका पेट्रोलमधल्या हलक्या घटकांच्या जिवावरच होतो.

दुसरं तेल. रात्रभर इंजिनातलं तेल खाली तळाला उतरलेलं असतं आणि गारठ्याने घट्ट झालेलं असतं. वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, जिथे व्हॉल्व्हची उघडझाप करणारे कॅम आणि रॉकर हलतात, तिथे त्याची नुसती पातळ ओल राहिलेली असते. गाडी सुरू झाल्यावर पंप ते तेल वर पोचवतो, पण त्याला काही सेकंद लागतात. इंजिनाची बरीचशी झीज याच वेळात होते.

तिसरं बॅटरी. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, ताकद कमी होते. आणि नेमकं त्याच वेळी घट्ट तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात चाललेली अर्धमेली बॅटरी पहिल्या थंडीत उघडी पडते ती यामुळेच.

आदल्या रात्री

सकाळची निम्मी तयारी रात्री होते. गाडी उघड्यावर लावत असाल तर निदान छपराखाली, भिंतीच्या आडोशाला लावा, म्हणजे दव थेट बसत नाही. वर टाकायला जुनं पोतं किंवा चादर चांगली. प्लॅस्टिकचा कागद थेट टाकू नका, त्याच्या आतून पाणी सुटतं आणि प्लगच्या कॅपपर्यंत जातं. सायलेन्सर गरम असताना काहीच झाकू नका. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. रिकाम्या टाकीत हवा जास्त, हवेतली वाफ रात्री आतल्या पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि इथेनॉल ते पाणी ओढून घेतं.

आणि गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. अंधारात, बधिर बोटांनी गाडी वळवत बसावं लागत नाही.

आपली गाडी कुठली, ते बघा

सुरू करायची पद्धत यावर ठरते. जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, असतो आणि चोकची दांडी असते. काहींना ती कार्ब्युरेटरलाच छोटीशी असते, काहींना डाव्या हँडलजवळ खटका असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा धुराचा नवा नियम लागू झाला, त्यानंतरच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे एफआय. त्यांना चोक नसतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि माहीत नसेल तर चावी फिरवा : टाकीखालून दोन-तीन सेकंद 'झूं' असा पंपाचा आवाज आला आणि मीटरवर पिवळा इंजिनचा दिवा लागून विझला, तर एफआय.

कोणतीही गाडी असो, सुरू करण्याआधी ती उघड्यावर आणा. बंद गॅरेज, पडवी, जिन्याखालची जागा, बेसमेंटचं पार्किंग, इथे गाडी चालू ठेवून उभं राहू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि थंड इंजिन तो जास्तच सोडतं. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं थंडी बाधली. दार-खिडकी बंद असलेल्या घराला लागून गाडी उभी असेल तर सायलेन्सरचं तोंड घराकडे ठेवू नका. घरात मुलं झोपलेली असतात.

कार्ब्युरेटरच्या गाडीला

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू करा, गाडी न्यूट्रलला आहे का पाहा. गाडी मधल्या स्टँडवर घेतली तर किक मारायला सोपं जातं.

चोक पूर्ण ओढा. चावी अजून लावायची नाही. आता चार-पाच किक सावकाश मारा, अंगाचा जोर न लावता, पाय पूर्ण खाली जाईपर्यंत. या कोरड्या किकांनी दोन कामं होतात : तेल थोडं हलतं आणि पेट्रोलचं दाट मिश्रण आत ओढलं जातं. पहिल्या किकला पायाला जाणवतं, पेडल चिखलात रुतल्यासारखं जड असतं. तिसऱ्या-चौथ्या किकला ते हलकं होतं. हा फरक एकदा पायाला कळला की पुढे मोजावं लागत नाही.

मग चावी फिरवा आणि एक दमदार किक मारा. सेल्फ असेल तर सेल्फ. रेस अजिबात देऊ नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. चोक हवेची वाट अडवून पेट्रोल ओढतो, आणि तुम्ही मूठ पिळली की हवेची वाट उघडते. म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं. मूठ मोकळी सोडा.

गाडीने धरलं की लगेच चोक बंद करू नका आणि तसाच विसरूही नका. वीस-तीस सेकंद पूर्ण, मग अर्धा. अर्ध्यावर इंजिनाचा आवाज नितळ झाला, फटफट थांबली की चोक बंद करून पाहा. बंद केल्यावर गाडी मरायला लागली तर परत अर्ध्यावर न्या, आणखी थोडं थांबा. साधारण मिनिटभरात, फार गारठा असेल तर दीड-दोन मिनिटांत गाडी स्वतःच्या स्लोवर, म्हणजे मूठ न देता, चालू राहते. चोक ओढलेला राहिला तर काळा धूर येतो, ॲव्हरेज पडतं आणि प्लग काजळीने भरतो. गाडी दोन चौक पुढे गेल्यावर गुदमरल्यासारखी झाली तर सगळ्यात आधी चोककडे बघा.

एफआयच्या गाडीला

चावी फिरवा, थांबा. पंपाचा आवाज पूर्ण होऊ द्या, पिवळा दिवा विझू द्या. मग मुठीला हात न लावता सेल्फ दाबा. इंजिनाचं तापमान सेन्सर मोजतो आणि पेट्रोल किती द्यायचं ते गाडीच ठरवते. सुरुवातीला स्लो वाढलेला वाटेल, तो काही वेळाने आपोआप उतरतो. तो उतरायला लागला की निघा.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबू नका. नाही धरलं तर दहा-पंधरा सेकंद बॅटरीला दम घेऊ द्या आणि मग परत. सलग दाबत राहिलं की बॅटरी उतरते, मोटारही तापते. एक गोष्ट नव्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावी : बॅटरी पूर्ण उतरली तर एफआयची गाडी धक्का मारूनही सहसा सुरू होत नाही, कारण पंपालाच करंट लागतो. जुन्या गाडीचा भरवसा तिच्यावर धरू नका.

तरीही सुरू होत नसेल तर

बऱ्याच किक मारून झाल्या, पेट्रोलचा वास येतोय, तर पेट्रोल ओव्हर झालंय. आणखी चोक देऊ नका. चोक बंद करा, चावी चालू ठेवा, मूठ पूर्ण पिळून धरा आणि सात-आठ किक मारा. हवा आत जाऊन जास्तीचं पेट्रोल उडतं. पकडलं की मूठ लगेच सोडा, नाहीतर इंजिन किंचाळेल. तरी नाही झाली तर प्लग काढून पाहा. ओला आणि काळा असेल तर फडक्याने पुसा, पाच मिनिटं कोरडा होऊ द्या, परत बसवताना आधी बोटांनी आटे धरवा आणि शेवटी पान्याने बेताने आवळा. आडवा बसलेला प्लग हेडचे आटे खातो.

वास अजिबात येत नसेल तर उलट : कॉक बंद राहिलाय का, टाकी रिझर्व्हला आलीय का ते पाहा.

आमच्या भागात काही जण शेकोटीजवळ गाडी आणून लावतात, कुणी किटलीभर उकळतं पाणी इंजिनावर ओततात. दोन्ही कृपा करून करू नका. पेट्रोलच्या गाडीजवळ आग म्हणजे काय होऊ शकतं ते सांगायला नको, आणि गार ॲल्युमिनियमवर एकदम उकळतं पाणी पडलं की धातू एका बाजूने फुगतो, शिवाय पाणी वायरींत जातं. तुमचे हात शेकोटीवर शेका, गाडीला त्यापासून दूर ठेवा.

किती वेळ गरम करायची

यावर नाशिकमध्ये घरोघरी मतभेद आहेत. जुनी माणसं दहा मिनिटं गाडी चालू ठेवून चहा प्यायला जातात. मी त्यांच्याशी भांडत नाही, पण ते पटत नाही, आणि कारणं सांगतो.

थंड इंजिन दाट मिश्रणावर चालतं. सगळं पेट्रोल जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरची तेलाची पातळ साय धुऊन खाली तेलात उतरतं. म्हणजे ज्या तेलाने भिंत वाचवायची, तेच वाहून जातं. वर प्लग आणि व्हॉल्व्हवर काजळी बसते. आणि स्लोवर चालणारं इंजिन फार थोडं पेट्रोल जाळतं, त्यामुळे ते तापतंही रडतखडत. हेच इंजिन हलक्या भाराने रस्त्यावर चाललं तर बरंच लवकर तापतं. शिवाय उभ्या गाडीत फक्त इंजिन गरम होतं. चेन, टायर, ब्रेक सगळे तसेच गार राहतात.

म्हणून माझा हिशोब असा : तेल वर पोचायला आणि आवाज बसायला अर्धा ते एक मिनिट, जास्तीत जास्त दोन. तेवढ्यात हेल्मेटचा पट्टा लावायचा, हातमोजे चढवायचे, आरसे पुसायचे.

या मिनिटात कान द्या. सुरुवातीला हेडमधून बारीक 'टिक टिक' येते, ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची. तेल पोचलं की ती मऊ होते. थंड पिस्टनभोवती जागा थोडी जास्त असते, त्याचाही हलका खडखडाट असतो आणि धातू फुगला की जातो. पण गाडी पूर्ण गरम झाल्यावरही खडखड राहिली तर मेकॅनिकला दाखवा. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि दोन-चार थेंब पाणी येणं अगदी ठीक आहे. जळण्यातूनच पाणी तयार होतं आणि गार नळीत ते साचतं. निळसर धूर गरम झाल्यावरही येत राहिला तर इंजिन तेल खातंय.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका : सुरू केल्या केल्या जागेवर 'व्रूम व्रूम' करणं. पोरांना वाटतं त्याने इंजिन पटकन तापतं. तेल अजून वर पोचलेलं नाही आणि कॅम जोरात फिरतोय, असा त्याचा अर्थ.

पहिले दोन-तीन किलोमीटर

गिअर टाकण्याआधी क्लच दोन-तीनदा दाबून सोडा. रात्रभर घट्ट तेलात क्लचप्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. तसंच पहिल्याला टाकलं तर गाडी 'खट्' करून झटका मारते, कधी बंद पडते, आणि पुढे कोणी उभं असेल तर तो झटका धोक्याचाही.

निघाल्यावर मूठ अर्ध्याच्या आत ठेवा. इंजिन कण्हेल इतका मोठा गिअर टाकू नका आणि ओरडेल इतका छोटाही नको. मी चांदोरीतून निघाल्यावर गावातल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पस्तीस-चाळीसवर चालवायचो. हायवेला लागून लाखलगाव येईपर्यंत इंजिन मोकळं झालेलं असायचं, ते मुठीला कळतं. थोडीशी मूठ दिली तरी गाडी अडखळत नाही, लगेच ओढते. तोपर्यंत ओव्हरटेक टाळा. मीटरवर तापमानाची काडी असणाऱ्या, रेडिएटरच्या गाड्या असतील तर काडी हलेपर्यंत दम धरा.

याच अंतरात टायरही गार असतो, रबर कडक असतं, पकड कमी मिळते. द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या सर्कलवर उन्हाळ्यासारखी गाडी आडवी करू नका. डिस्कवर दव असेल तर पहिला ब्रेक बोथट लागतो, म्हणून गल्लीतच, हळू असताना दोन्ही ब्रेक एकदा लावून पाहा. हवेचंही तसंच. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो. दुपारी अठ्ठावीस अंशांत भरलेली हवा सकाळी आठ अंशांत तीन-चारने कमी दिसेल. हवा सकाळी, गाडी थोडीच चालल्यावर तपासा.

नदीकाठच्या पट्ट्यात धुकं असेल तर दिवा डिपरवरच ठेवा, वरचा उजेड धुक्यात भिंतीसारखा परततो. आणि याच महिन्यांत निफाड भागात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो. गाडी गरम झाली म्हणून तिथे वेग वाढवू नका.

थंडीआधी गॅरेजला

दिवाळीच्या सुट्टीत एकदा गाडी दाखवून घ्या. तेल बदलताना डब्यावरचा ग्रेड वाचा. १० डब्ल्यू ३० यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल गारठ्यात लवकर वाहतं. पण म्हणून मनाने ग्रेड बदलू नका. कंपनीने पुस्तिकेत जो सांगितलाय तोच घाला, कारण गरम इंजिनाचाही विचार त्यात असतो. बाइकचं तेल क्लचलाही लागतं, तेव्हा डब्यावर जेएएसओ एमए (JASO MA, बाइकच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं हवं, कारचं तेल चालत नाही. तेलाची मुदत संपत आली असेल तर थंडीच्या तोंडावरच बदला.

बॅटरी मीटर लावून मोजायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करा किंवा बदलायची तयारी ठेवा. गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत, नसतील तर चार्जिंगचा दोष आहे, नवी बॅटरी घालूनही तीच रड राहील. टर्मिनलवरची पांढरी बुरशी काढून थोडं पेट्रोलियम जेली लावा. प्लग, एअर फिल्टर, टॅपेट हे त्याच फेरीत. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर स्लो थोडा वाढवून मागा, फेब्रुवारीत परत उतरवा.

आणि ज्यांचं ऑफिस जवळ आहे, गंगापूर रोडवरून कॉलेज रोडला दोन किलोमीटर जाऊन गाडी दिवसभर उभी, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. अशा गाडीचं इंजिन थंडीत पूर्ण गरम होतच नाही. आत तयार झालेलं पाणी उडून जात नाही, तेलात मिसळतं. तेलाची डिपस्टिक काढून पाहा : टोपणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा फिकट थर दिसला तर हेच झालंय. आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. रविवारी सकाळी ऊन वर आल्यावर गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलात तरी पुरे. घरी आल्यावर, इंजिन निवल्यावर, टोपण पुसून परत लावा आणि पुढच्या रविवारी साय पुन्हा धरलीय का तेवढं बघा.